नवटाकभर औषध

डोमाजी दारुड्या नव्हता. हे मी पहिलेच सांगून ठेवते. परवा बयनाच्या तेरवीले पैनगंगेपार गेली होती, तं तिथल्या बाया चुकचुकत बसल्या होत्या, "बिचारीचा नवरा दारुड्या होता म्हन्ते, म्हनून जलमभर माहेरी राह्यली." मले असा राग आला! म्हनलं, बायांनो, ठावं नसंल तं तोंड मिटून बसा. डोमाजी माहा सख्खा दीर होता. त्याच्या पेल्यात काय होतं ते आमा तिघींले ठावं होतं. त्यातल्या दोघी गेल्या. आता मी एकटी उरली, म्हनून सांगून टाकते.

मी राहीबाई. आदिलाबादकडं, जैनथच्या वरच्या अंगाले, नदीच्या काठावर आमचं गाव. घरात दोघं भाऊ, थोरले आमचे नागोराव अन् धाकला डोमाजी. कापूस, ज्वारी, दोन बैलजोड्या. मधी एक भिंत अन् चुली दोन. भिंतीपलीकडं बांगडी फुटली तरी मले इकडं ऐकू ये.

बयना आली पंधराव्या वर्साची, नदीपारच्या वऱ्हाडातली. तिच्या बापाचं तेला-मिठाचं दुकान होतं. लहानपनापासून मापं भरत आली होती, म्हनून तिचा हात असा सधलेला, का डोळे मिटून वतलं तरी मापाच्या काठावर थेंब चढत नसे. सासरी येतानी बापाची आठवन म्हनून पितळेचं नवटाकाचं माप घेऊन आली. पावशेराचं अर्धं म्हनजे नवटाक. एवढुसं माप, पन ती ते रोज राखेनं घासे. मी हासे तिले. म्हने, "आक्का, हे खोटं बोलत नाही."

रझाकारीच्या साली आमच्या गावात धान्य मांगाले गाडी आली. डोमाजीच्या दारात बंदूकवाले उभे. हा हात जोडून उभा राह्यला, एक शब्द नाही तोंडातून, तरी एकानं बंदुकीचा दस्ता घातलाच बरगडीत. दुसरा बसनार होता तं बयना मधी पडली. तिच्या खांद्याचं हाड हललं. त्या दिवसापासून तिचा डावा हात डोक्याच्या वर जात नसे, वेनी मी घालून देत होती. हे ध्यानात ठेवा. ह्या मानसासाठी तिनं दस्ता खाल्ला होता.

मंग पोलीस ॲक्शन झाली, चार-पाच दिवसात निझामाचं राज्य गेलं. लोकं नाचले, मी बी नाचली, खोटं कायले बोलू? पन तिसऱ्या दिवशी भर दुपारी डोमाजी अन् चार-सहा जनांनी कचेरीच्या बुढ्या चपराश्याले मारुतीच्या पारावर ओढत आनलं. त्या बुढ्याचा गुन्हा एवढाच का तो वसुलीचे कागद घेऊन गावोगाव फिरे. आमच्याच ओसरीवर पानी पेऊन जाये. डोमाजीनं त्याले जोड्यानं मारलं, जोडा तुटला तं लाकडानं मारलं. बुढ्याचे दात मातीत पडले. तो सारखा म्हने, "डोमाजी, बेटा, मैं हूं." त्यानं आयकलं नाही. बयना धावत गेली तं तिले बी लाथ बसली. त्या दिवशी गावात कोनीच पेलेलं नव्हतं. ते बी ध्यानात ठेवा.

थंडी पडली का डोमाजीची बरगडी ठनके. खोकला आला का डोळ्यात पानी ये. आमच्या गावचे दादाजी वैद्य पंचात बसनारे, मोठ्या मानाचे. त्यायनं नाडी पाह्यली अन् सांगतलं, "मोहाची पहिल्या धारेची घे. त्यात सुंठ, मिरे, ओवा टाक. दिवेलागनीले नवटाकभर, जेवनाच्या आधी. नवटाक म्हनजे औषध, पावशेर म्हनजे जहर. थेंब वाढवशील तं माह्या दारात येऊ नको."

झालं! त्या दिवसापासून डोमाजीचा तोरा पाहाव. गावातले बाकीचे लोकं दारू पेनारे अन् हा औषध घेनारा. दारू इकनाऱ्या कलालिनीच्या दारात पाय ठेवत नसे, अब्रू जाईन म्हने. बाजाराच्या दिवशी बयनानंच जयवंताबाई कलालिनीकडून शेरभर आनाव, त्यात सुंठ-मिरे मुरवाव, बाटली भरून नवऱ्याच्या हातात द्याव. तो ती लाकडी पेटीत ठेवून कुलूप लावे अन् किल्ली करदोड्याले बांधे. सात दिवसाले सात नवटाक, आठवं सुंठ-मिरे पेत. दिवेलागनीले पेटी उघडे, बयना पितळेच्या मापात वते, हा डोळे मिटून एका घोटात घशाखाली उतरवे. "हाऽ! रगत कसं सळसळलं!" असं म्हने. मंग पेटीले कुलूप.

अन् मंग मारे.

रोज नाही. आठ दिवसातून दोनदा, तीनदा. भाकर जाड झाली म्हनून, बैल लंगडला म्हनून, कधी कायी नाही म्हनून. बैल हाकाच्या तुतारीनं मारे, उलटी धरून. एकदा तिचं बोट उखळाच्या काठावर ठेवून मुसळ टाकलं. मी भिंतीपलीकडून वरडे, आमचे नागोराव म्हनत, "चूप बस. पेलेला हाय तो. उतरंन." अन् आमच्या नागोरावाले बोलाले तोंड होतं का? त्यायचा बी हात पेल्यावर सुटत होता. मले बी पाठ होती.

आमच्या समाजात एक रीत होती. आग लागो तिले! नवऱ्यानं कोऱ्या तोंडानं बायकोले जखमी केलं, तं बाई लेकरासकट माहेरी जाऊ शके, पंच तिले आडवत नसत. पन पेलेला असंल तं माफ. मारुतीले नारळ, पंचाले जेवन, बायकोले चोळीचा खन, अन् चाल घरी. बापूजी पाटील पंचाचे मुख्य. ते म्हनत, "नशेतल्या हाताले डोळे नसतात बाई. त्यानं नाही मारलं, नशेनं मारलं."

बयना पहिल्यांदा पंचात गेली बोट मोडल्यावर. नारळ फुटला, खन भेटला. दुसऱ्यांदा गेली तवा तिच्या पोटात पाच महिन्याचं होतं, ते लाथेनं गेलं. मी माह्या हातानं पुरलं परसात. पंचात डोमाजी रडला, हो, रडला! "दादाजी, औषध डोक्यात गेलं," म्हने. पुन्हा नारळ. त्या बारीले खन हिरवा होता. बयनानं तो हातात घेतला अन् कितीतरी येळ उलटा-सुलटा करून पाहात राह्यली.

तिले एकच पोरगी, मनकर्णा. सात वर्साची झाली होती. बाप पेटीचं कुलूप काढे त्याचा आवाज आला का पोरगी माह्या चुलीमांगं येऊन बसे.

हैदराबाद मोडनार, तालुके वाटले जानार, असं बोलनं चालू होतं त्या सालच्या आखाडात मी तिच्या घरी विस्तव आनाले गेली. पाह्यते तं काय, बयना मडक्यात मोहाची सुकली फुलं भिजवून बसलेली, अन् फडक्यातून ते पानी बाटलीत गाळून राह्यली.

"काय करून राह्यली व?"

ती दचकली. मंग हळूच बोलली, "आक्का, मानूस वाईट नाही. दारू वाईट हाय. मी कमी करून राह्यली. मांगच्या आठवड्यात तीन हिस्से दारू, एक हिस्सा पानी. ह्या आठवड्यात अर्धं-अर्धं."

"अवो माय! त्याले समजलं तं चिरंन तुले!"

"समजत नाही. एका घोटात पेते तो. सुंठ-मिरे तेच, मोहाचा वास तोच. घसा जळाव म्हनून मिरचीचं बी टाकते." अन् माहा हात धरून म्हने, "दारू सुटली का तो पहिल्यावानी होईन, आक्का. लगन झालं तवा मले खांद्यावर बसवून नदी पार केली होती त्यानं."

काय बोलाव? मी विस्तव घेऊन घरी आली.

पोळ्यापर्यंत बाटलीत दारूचा थेंब राह्यला नाही. जयवंताबाई कलालीन तिले फक्त कापसाचा बोळा भिजवून दे, तो बयना बाटलीच्या तोंडाले आतून फिरवे, वासापुरता. गावाले वाटे बाजाराचा शेर चालू हाय. अन् डोमाजीची तब्येत? बाप्पा! गाल भरले, खोकला गेला, रातची झोप लागू लागली. दादाजीच्या ओसरीवर जाऊन छाती ठोकून सांगे, "वैद्यबुवा, तुमच्या नवटाकानं हाड जुडलं. नाडी घोड्यावानी चालते." दादाजी मिशीले हात लावून चारचौघात म्हनत, "मापात घेतली का अमृत हाय ते." मी अन् जयवंताबाई हासून हासून बेजार.

पन ते हासनं मोठं महाग पडलं. मार थांबला नाही. घोट घेई, "हाऽ" म्हने, डोळे लाल करी अन् उठे. पानी पेऊन डोळे लाल, पानी पेऊन जीभ अडखळे! एक दिवस बयना माह्याकडं आली, कपाळावर टेंगूळ, ओठ फाटलेला. मी हळद लावून देल्ली. ती रडली नाही. नुसती माह्याकडं पाहात म्हने, "आक्का, दारू होती तवा बरं होतं व. नाव घ्याले कायीतरी होतं."

तिनं दारू काढून टाकली अन् खाली नुसता तो उरला.

"पंचाले सांगून टाक," मी म्हनलं.

"कोन मानंन? म्हनतीन, बाई खोटी. बाटली त्याच्या कुलपात, किल्ली त्याच्या कमरेले." मंग जरा थांबून म्हने, "एक दिवस तोच पंचासमोर बाटली काढंन. मले फक्त पोरगी पाह्यजे, आक्का. मनकर्णाले घेऊन भावाकडं गेली का मंग मले कायीच नको."

कार्तिकात बातमी आली. राज्य वाटलं गेलं, आमचं गाव आंध्रात, अन् नदीच्या त्या काठावरचं बयनाचं माहेर मुंबई राज्यात. गावात कोनी रडे, कोनी म्हने आपल्याले काय, शेत तं जागच्या जागीच हाय. डोमाजीनं मात्र गूळ वाटला. काऊन, तं पलीकडं दारूबंदी हाय म्हनत, आपलं गाव तिकडं गेलं असतं तं माहं औषध बंद झालं असतं! गूळ वाटून घरी आला, बयनाले म्हने, "तुह्या माहेरचा मुलूख परकाच राह्यला." बयनानं डोळ्याले पदर लावला, एवढंच.

दिवेलागन व्हाची होती अजून. पेटीचं कुलूप काढलंच नव्हतं. मी भिंतीपलीकडून आयकलं, तुतारीचा आवाज, मंग पितळ पडल्याचा, मंग मनकर्णाची अशी किंकाळी का माह्या हातातला तवा पडला. धावत गेली. बयना चुलीशी आडवी, तोंड रगतानं भरलेलं. त्यानं तेच नवटाकाचं माप फेकून मारलं होतं, ते बयनाले न लागता पोरीच्या कानशिलावर बसलं. पोरीच्या कानातून रगत वाहून राह्यलं होतं. तो कान जलमाचा गेला.

अन् डोमाजी काय करून राह्यला होता? मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. करदोड्याची किल्ली काढली, पेटी उघडली, बाटली तोंडाले लावली अन् अर्धी रिकामी केली. मारून झाल्यावर! मंग तोंड पुसून पुन्हा कुलूप लावलं. माह्याकडं पाह्यलं अन् म्हने, "वयनी, आज जास्त झाली मले."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच बसले. पारावर बापूजी पाटील, दादाजी वैद्य, आनखी तिघं-चौघं, खाली सारं गाव. बयना पोरीले मांडीवर घेऊन बसली होती, पोरीच्या डोक्याले माह्या लुगड्याचा पट्टा. तिनं एकच मांगनं केलं, "मले पोरीले घेऊन माहेरी जाऊ द्या."

डोमाजी हात जोडून उभा. "पाटील, चुकलं. रोज एक नवटाक घेतो, काल राज्याच्या आनंदात तीन-चार झाले. मले सुद्द नव्हती. कोनाले खोटं वाटत असंल तं बाटली पाहा. बाजार परवाच झाला, बाटली भरली असाले पाह्यजे. पाहा किती उरली ते." अन् किल्ली काढून आमच्या नागोरावाजवळ देल्ली.

बयनानं माह्याकडं पाह्यलं.

नागोरावानं पेटीतून बाटली आनून पारावर ठेवली. अर्धी. बापूजीनं मान हालवली. "नशेतल्या हाताले..."

"पाटील," बयना उठून उभी राह्यली, "ही बाटली कोनाच्या कुलपात होती?"

"डोमाजीच्या."

"किल्ली?"

"त्याच्याच कमरेले. तूच तं पाह्यलं."

"मंग हातच्या काकनाले आरसा कायले? हिले काडी लावा."

मोहाची खरी दारू पेट घेते, हे आमच्याकडं लहान लेकराले बी ठावं. गिऱ्हाइकाले माल दाखवाचा तं कलालीन तशीच दाखवे. जयवंताबाई गर्दीतून पुढं आली. पहिले आपल्या जवळची थोडी ताटलीत वतली, काडी लावली. भर उन्हात बी निळी जोत लपलप करताना दिसली. मंग ती ताटली पुसली, डोमाजीच्या बाटलीतलं वतलं, काडी लावली. काडी चुर्र करून इझली. दुसरी लावली, इझली. तिसरी बापूजीनं स्वतः लावली.

जयवंताबाई बोलली, "पोळ्यापासून ह्या घरात माह्या दुकानातून शेर गेला नाही, पाटील. बोळा गेला, वासापुरता."

दादाजी वैद्यानं बोट बुडवून जिभेले लावलं. त्यायचं तोंड पाहाव! "मोहाचं पानी हाय," हळूच म्हनले. "मिरचीचं बी टाकलं हाय."

डोमाजीनं छातीवर हात ठेवला, जसा आताच मरून राह्यला. "माहं औषध! पाटील, हिनं माहं औषध चोरलं! मले मारून टाकत होती ही!"

चोर तो चोर, वरून शिरजोर! मले राहावलं नाही. मी वरडली, "परवा तं तुमची नाडी घोड्यावानी चालत होती ना, भाऊजी? पान्यावरच दौडत होता का घोडा?"

अन् गाव हासलं. सारं गाव, बायकापोरं, पारावरचे पंच बी. त्या हासन्यानं डोमाजीचं तोंड काळं-निळं झालं. तो माह्याकडं आला नाही. त्यानं पारावरची बाटली उचलली अन् बयनाच्या डोक्यात घातली.

काच फुटली. बयना गुडघ्यावर बसली, पन पोरीले सोडलं नाही. तिच्या केसातून पानी अन् रगत वाहून लुगड्यावर आलं. ज्याले पाटील डोळे नाहीत म्हनत तो हात सकाळच्या उन्हात, साऱ्या गावासमोर, बरोब्बर तिच्या डोक्यावर बसला होता. नागोरावानं अन् दोघा-तिघांनी त्याले धरलं. आता कोनी हासत नव्हतं.

बयना हळूहळू उठली. डोळ्यावर आलेलं रगत पुसलं. म्हने, "पाटील, आता सांगा. काय पेला हाय ह्यानं?"

साऱ्या मानसांनी माना खाली घातल्या होत्या, अन् मी एकेकाचं तोंड पाहात होती, कारन कोनाच्या घरी किती खन आले ते मले ठावं होतं. शेवटी पाटील म्हनले, "पोरीले घेऊन जा, बाई."

मी तिची जखम धुतली, हळद दाबली, फडकं बांधलं. दुपारी डोंग्यात बसवाले गेली. निरोप आयकून तिचा भाऊ भगवंतराव पलीकडच्या काठाले येऊन उभा होता. डोंगा सुटाच्या आधी बयनानं कमरेतून ते पितळेचं नवटाक काढून माह्या हातात देल्लं. एका बाजूनं चेपलं होतं, पोरीच्या कानशिलावर बसलं होतं ना.

"मले कायले व?" मी म्हनलं.

"राहू दे. तुले लागंन."

मी रडत रडत घरी आली. दिवेलागनीले आमचे नागोराव ओसरीवर बसले अन् रोजच्यावानी म्हनले, "आन." मी आतून पेला भरून आनला नाही. त्यायच्या पुढ्यातच ते चेपलेलं नवटाक ठेवलं, काठोकाठ भरलेलं.

त्यायनं उचललं. नाकाजवळ नेलं. मंग माह्याकडं पाह्यलं.

"काय हाय यात?"

"पेऊन पाहा."

"राही, दारू हाय का पानी?"

"ते मलेच ठावं," मी म्हनलं. "तुमी पेया. मंग हात उचलाचा असंल तं उचला. उद्या पारावर मी सांगीन काय होतं ते."

त्यायनं माप न पेता खाली ठेवलं अन् म्हनले, "जेवाले वाढ."

मी वाढलं. त्या दिवशी त्यात खरी दारू होती. ते मी त्यायले मरेपर्यंत सांगतलं नाही.